चिकित्सेचा तिसरा पाय

गेल्या वर्षीं आश्विनांत आमच्या सौभाग्यवतींस न्यूमोनिया झाला आणि जिल्ह्यांतील एका रुग्णालयांत आठ दिवस त्यांच्या उशाशीं बसण्याचा प्रसंग आम्हांवर आला. रुग्णालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. जें सांगावयाचें आहे त्यांत दोष आमचा आहे. पांचव्या रात्रीं अकराच्या सुमारास पाळीवरील परिचारिका औषधांचा ट्रे घेऊन आली आणि ग्लानींत असलेल्या रुग्णास हलवून तिनें विचारिलें, "आजी, तुमचं पूर्ण नांव सांगा."

आमचा नुकताच डोळा लागला होता. आम्ही संतापून म्हणालों, "पांच रात्री तुम्हीच येतां ना? अजून नांव पाठ होत नाहीं? आमच्या शाळेंत असतांत तर बांकावर उभं केलं असतं!" ती कांहीं बोलली नाहीं. तिनें पुनः तोच प्रश्न केला, उत्तर आल्यावर मनगटावरील पट्टी वाचली, हातांतला कागद वाचला आणि मग इंजेक्शन दिलें. जातांना एवढेंच म्हणाली, "काका, विचारावंच लागतं."

सकाळीं तोंड धुवावयास जातांना पलीकडच्या तिसऱ्या खाटेवरील फलकाकडे आमचें लक्ष गेलें. आदल्या रात्रीं दाखल झालेल्या त्या बाईंचें नांव व आडनांव आमच्या घरच्यांचेंच होतें. भेद काय तो मधल्या पतीच्या नांवाचा. रोग निराळा, औषध निराळें. आम्हीं उभा जन्म वर्गांत हजेरी घेतली. एका वर्गांत एकाच नांवाचीं दोन मुलें आलीं म्हणजे बापाचें नांव पुकारावें लागतें, हें आमच्याइतकें कोणास ठाऊक असावें? तरी ती रात्रीं तेंच करीत होती, हें आम्हांस उमगलें नाहीं. क्षमा मागावी म्हणून गेलों, तों तिची पाळी संपून ती निघून गेली होती. पुढें तिची पाळी बदलली आणि क्षमा मागावयाची राहून गेली.

दिवाळींत आमची एक जुनी विद्यार्थिनी माहेरीं नांदगांवास आली असतां फराळास आमच्या घरीं आली. सतरा वर्षें ती सरकारी नोकरींत अधिपरिचारिका आहे. सध्यां दुसऱ्या एका तालुक्याच्या तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयांत असते. तिला आम्हीं हा प्रसंग सांगितला. ती हंसली. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही निदान बांकावरच उभं करीत होतां. लोक याहून पुष्कळ बोलतात." मग ती दोन तास बोलत होती आणि आम्ही ऐकत होतों. खालीं जें लिहीत आहों, त्यांतील अनुभव बहुतेक तिचा आहे. शास्त्राची जोड तेवढी आमच्या पदरची.

चार पाय आणि सोळा गुण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषधिद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा. 'उपस्थाता' म्हणजे जवळ उभा राहणारा. 'परिचारिका' म्हणजे भोंवतीं वावरणारी. सरकारी दप्तरांत आज अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदांची चढती भांजणी आहे आणि लोक सर्वांसच 'सिस्टर' म्हणतात. परंतु धातूचा अर्थ पाहतां चरकांचा तो तिसरा पाय हीच होय.

वैद्यावांचून बाकीचे पाय म्हणजे कुंभारावांचून माती, काठी व चाक, असा दृष्टान्त चरक देतात. वैद्याचें श्रेष्ठत्व आम्हांस मान्य आहे. परंतु कुंभार मडकें चाकावरून उतरवून निघून जातो. पुढें त्या ओल्या मडक्याशीं कोणी तरी बसावेंच लागतें. डॉक्टर दिवसांतून एक-दोनदां फेरी करतात. उरलेले सारे तास परिचारिकेचे असतात. तिचे चार गुण चरकांनीं असे गणिले आहेत: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. यांपैकीं दाक्ष्य व शौच हे दोन गुण त्यांनीं वैद्याकडूनही शब्दशः मागितले आहेत, हें विसरूं नये. जिला आपण 'हाताखालची' समजतों, तिचे अर्धे गुण शास्त्रानें वैद्याच्याच मापानें मोजले आहेत.

उपचारज्ञता

पहिला गुण ज्ञानाचा. औषध देतांना पांच गोष्टी जुळवून पाहाव्या, असें परिचारिकेस प्रथमपासून शिकवितात: रुग्ण तोच ना, औषध तेंच ना, मात्रा तीच ना, देण्याचा मार्ग तोच ना, वेळ तीच ना. पाठ म्हणावयास हें पाढ्यासारखें सोपें आहे. परंतु एका बाजूस बाळंतीण कण्हत असतां, दुसऱ्या बाजूस सलाईन संपत आलेलें असतां आणि दारांत पांच नातलग एकदम बोलत असतां प्रत्येक खाटेजवळ तो म्हणणें सोपें नाहीं. आमची विद्यार्थिनी म्हणते, "ट्रे हातांत असतांना मी कोणाशीं बोलत नाहीं. कोणी रागावलं तर रागावूं दे. दोन मिनिटांनीं येते म्हणून सांगतें आणि खरोखरच दोन मिनिटांनीं जातें." नवशिक्या मुलींनीं ही युक्ति घ्यावी. तुटक उत्तरापेक्षां खरी मुदत दिलेली लोकांस चालते. मात्र ती पाळली पाहिजे.

दुसरी अडचण अक्षराची. डॉक्टरांचें अक्षर लागलें नाहीं तर अंदाज बांधूं नये, विचारावें. रागावले तरी विचारावें. फोनवरून आज्ञा आली तर ती लिहून घ्यावी, लिहिलेलें त्यांना वाचून दाखवावें आणि ते आले म्हणजे त्यांची सही घ्यावी. सरावलेल्या डॉक्टरांस याचा राग येत नाहीं, उलट विश्वास वाटतो.

तिसरी गोष्ट नोंदीची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही बाई १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांत जखमी सैनिकांच्या सेवेस गेली. तिचा हातांतला दिवा जगाच्या लक्षांत राहिला, तिची वही मात्र राहिली नाहीं. किती शिपाई घावानें मेले आणि किती घाणीमुळें होणाऱ्या रोगांनीं मेले, याचे आंकडे मांडून तिनें राज्यकर्त्यांस जागें केलें. १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत तिच्या नांवें परिचारिकांची शाळा निघाली आणि या धंद्यास विद्येचें रूप आलें. तात्पर्य, नोंद ही कारकुनी नव्हे, ती सेवाच आहे. ताप किती, नाडी किती, लघवी किती, औषध किती वाजतां, डॉक्टरांस केव्हां कळविलें, हें त्या त्या वेळीं लिहावें. पुढें वाद उपस्थित झाला तर तोंडच्या सांगण्यापेक्षां तेंच पान परिचारिकेचा साक्षीदार होतें.

पाळी बदलतांना एकीनें दुसरीस रुग्णांची माहिती देणें यास त्यांच्यांत 'ओव्हर देणें' म्हणतात. हें टेबलाशीं बसून उरकूं नये. खाटेखाटेपाशीं उभें राहून द्यावें आणि घ्यावें. घरीं जाण्याची घाई असतां जी गोष्ट सांगावयाची राहते, ती पुष्कळदां नेमकी महत्त्वाची असते.

दाक्ष्य

दाक्ष्य म्हणजे केवळ चपळाई नव्हे, सावधपणा. त्याची पहिली परीक्षा सुईशीं होते. वापरलेल्या सुईवर टोपण पुनः बसवूं नये. ती तशीच पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यांत टाकावी. २०१६ सालच्या नियमांनीं रुग्णालयांतील कचऱ्यास पिवळा, लाल, पांढरा व निळा असे रंग नेमून दिले आहेत. रंग चुकला तर तो कचरा उचलणाऱ्या मावशीच्या वा मामाच्या हातास टोचतो. एवढें करूनही सुई टोचली, तर बोट पिळीत बसूं नये; साबण व वाहतें पाणी यांनीं धुवावें आणि तत्काळ वरिष्ठांस कळवावें. एच.आय.व्ही.चा संभव असल्यास प्रतिबंधक औषध शक्य तों दोन तासांत, आणि फार तर ७२ तासांच्या आंत सुरू झालें पाहिजे. कावीळ 'बी'च्या लशीच्या तिन्ही मात्रा तर आधींच घेतलेल्या असाव्या. "कोणी रागावेल म्हणून मुली सांगत नाहींत, लपवितात," असें आमच्या विद्यार्थिनीनें सांगितलें, तेव्हां आम्हांस शाळेंतील फुटलेल्या शाईच्या दौती आठवल्या. ज्या वर्गांत चूक सांगणाऱ्यास छडी मिळते, त्या वर्गांत चुका होत नाहींत असें नाहीं. त्या फक्त दिसत नाहींत. हें परिसेविकांनीं व अधिसेविकांनीं ध्यानांत घ्यावें.

दुसरी परीक्षा पाठीची. जड रुग्णास कूस बदलवितांना कमरेंत वांकून ओढूं नये. गुडघे वांकवावे, रुग्णाच्या जवळ उभें राहावें, खालची चादर धरून दोघींनीं मिळून सरकवावें. मदतीस हांक मारण्यांत कमीपणा मानूं नये. एकटीनें उचलण्याचा पराक्रम विशींत खपतो, चाळिशींत त्याचें व्याज द्यावें लागतें.

तिसरी परीक्षा रात्रीची. आमच्या विद्यार्थिनीच्या रुग्णालयांत सकाळीं आठ ते दोन, दुपारीं दोन ते आठ आणि रात्रीं आठ ते सकाळीं आठ अशा पाळ्या आहेत. रात्रपाळी बारा तासांची, आणि पुष्कळदां एकटीची. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणें साधारण रुग्णालयांत पांच रुग्णांमागें एक आणि शिक्षणाच्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागें एक परिचारिका असावी. तीस खाटा भरलेल्या असतां एकटी परिचारिका असली, तर त्रैराशिक प्रत्येकानें मांडून पाहावें. पावसाळ्यांत सर्पदंश येतो, शेतांतील औषध प्यालेला येतो, अडलेली बाळंतीण येते. आमच्या शाकंबरीकांठच्या गांवाहून नाशिक सुमारें शंभर किलोमीटर. पुढें न्यावयाचें ठरलें तर १०८ क्रमांकाची गाडी येईपर्यंत तो जीव तिच्याच हवालीं असतो.

अशा रात्रींसाठीं तिचे नियम साधे आहेत. आल्याबरोबर प्राणवायूची नळकांडीं, तातडीच्या औषधांचा ट्रे आणि विजेरी पाहून घ्यावी. वेळ आल्यावर शोधूं नये. सर्वांत कठीण रुग्ण कोणता हें ठरवून त्याच्याकडे प्रथम जावें आणि मग घड्याळाप्रमाणें फेरी धरावी. मध्यरात्रीं जड जेवूं नये. पहांटेचा चहा झोंपेच्या मुळावर येतो, म्हणून शेवटचा कप मध्यरात्रीपूर्वींच घ्यावा. सकाळीं डोळ्यांवर झोंप असतां दुचाकी हांकूं नये.

अनुराग

अनुराग, म्हणजे रुग्णाविषयीं माया, हा तिसरा गुण. लोक हा गुण सर्वांत मोठ्यानें मागतात आणि यावरच सर्वांत अधिक घाव घालतात. घरचें माणूस अत्यवस्थ असलें म्हणजे नातलगाचा जीव थाऱ्यावर राहत नाहीं. डॉक्टरांवर ओरडण्याचें धैर्य होत नाहीं; समोर जी उभी असते तिच्यावर तो ओरडतो. आमच्यासारखा शिकलेला मनुष्य 'बांकावर उभं करीन' म्हणतो; दुसरा कोणी हात उगारतो.

येथें तरुण परिचारिकांस आमच्या विद्यार्थिनीचा सल्ला असा. ओरडणाऱ्याशीं ओरडूं नये, पण मान खालीं घालून उभेंही राहूं नये. त्याच्याकडे पाहावें, त्यास बसवावें, आणि जें ठाऊक आहे तेवढेंच सरळ सांगावें: "यांचा ताप अजून उतरलेला नाहीं, डॉक्टरांना कळवलं आहे, दहा मिनिटांत मी पुन्हा येतें." ठाऊक नसेल तें डॉक्टरांनीं सांगावयाचें, म्हणून सांगावें, खोटा धीर देऊं नये. बहुतेक राग म्हणजे भीति असते आणि भीतीस माहितीनें उतार पडतो. परंतु शिवीगाळ सुरू झाली, दारू प्यालेला मनुष्य आला, तर एकटीनें तोंड देऊं नये. दाराच्या बाजूस उभें राहावें आणि माणसें बोलवावीं. महाराष्ट्राच्या २०१० सालच्या कायद्याप्रमाणें वैद्यकीय सेवकांवरील हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि परिचारिका त्या संरक्षणांत येतात. सहकाऱ्याकडून वा वरिष्ठाकडून लज्जास्पद वर्तन घडलें, तर २०१३ च्या कायद्यान्वयें तीन महिन्यांच्या आंत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करतां येते. हें ज्ञानही उपचारज्ञतेइतकेंच आवश्यक आहे.

अनुरागाची गोष्ट निघाली म्हणजे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयांतील अरुणा शानभाग यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. २७ नोव्हेंबर १९७३ या दिवशीं ही पंचवीस वर्षांची परिचारिका पाळी संपवून तळघरांत कपडे बदलावयास गेली असतां तेथल्याच एका नोकरानें गळ्यास सांखळी आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूस झालेल्या इजेमुळें ती पुनः कधीं उठली नाहीं. परिचारिकांनीं काम बंद ठेवून सुरक्षिततेची मागणी केली. त्या नोकरास चोरी व खुनाचा प्रयत्न यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. अत्याचाराचा आरोप त्यावर ठेवलाच गेला नाहीं. अरुणाबाई त्याच रुग्णालयांत १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षें पडून होत्या. त्या अवधींत परिचारिकांच्या पिढ्या आल्या आणि निवृत्त झाल्या. ज्यांनीं त्यांना चालतांना कधीं पाहिलें नव्हतें, त्यांनीं त्यांना भरविलें, न्हाऊं घातलें, कुशीवर वळविलें. २०११ सालीं त्यांचा विषय सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, तेव्हां इतकीं वर्षें अंथरुणास खिळूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हता, ही गोष्ट पुढें आली. न्यायालयानें त्या परिचारिकांची मुक्तकंठानें वाखाणणी केली. शय्याव्रण न होऊं देणें म्हणजे दिवसरात्र दर थोड्या तासांनीं कूस बदलणें. हिशेब करूं गेल्यास लक्षावधि वेळां. आमच्या मतें अनुराग या शब्दाचा याहून निराळा अर्थ सांगण्याचें कारण नाहीं.

परंतु या कथेचा गौरव करून आपण मोकळे होतों, तें बरें नव्हे. तिच्यांत दुसराही एक धडा आहे. परिचारिकेस कपडे बदलावयास उजेडाची, आंतून कडी लागणारी एक खोली हवी, रात्रीं येण्याजाण्यास सोबत हवी. ज्या गोष्टी विटा, चुना आणि दिवा यांनीं होतात, त्यांची जागा सेविकेच्या मायेनें भरून काढावी, अशी अपेक्षा करणें हा अन्याय होय.

शौच

चवथा गुण शौच. आमच्या घरांत सोवळ्याओवळ्याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या झाला. परंतु सोंवळ्यांतला हात खरोखर स्वच्छ असतोच असें नाहीं, हें १८४७ सालीं व्हिएन्ना येथील सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें दाखविलें. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे जाणाऱ्या वैद्यांस त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लाविलें आणि बाळंतज्वरानें होणारे मृत्यु झपाट्यानें उतरले. वैद्यांस आपल्याच हातांचा दोष मानवला नाहीं आणि त्याची हेटाळणी झाली; परंतु पुढें जगानें तेंच मान्य केलें. आज जागतिक आरोग्य संघटना हात धुण्याचे पांच प्रसंग सांगते: रुग्णास हात लावण्यापूर्वीं, जखम वा सुईचें काम करण्यापूर्वीं, रक्तादि स्रावांशीं संबंध आल्यावर, रुग्णास हात लावल्यावर आणि त्याच्या भोंवतालच्या वस्तूंस हात लावल्यावर. साबणपाण्यानें चाळीस ते साठ सेकंद. हातमोजे घातले म्हणून हात धुणें चुकत नाहीं.

शौचाचा आणखी एक अर्थ आम्ही घेतों, तो मनाचा. पाळीवर मूल दगावतें, तरुण मनुष्य डोळ्यांसमोर जातो. पुढच्या खाटेवर मात्र हंसतमुखानें जावें लागतें. तें मनांत सांठत गेलें तर वाणी कडू होते. ज्या परिचारिका कोरड्या, तुसड्या वाटतात, त्यांपैकीं कित्येक पूर्वीं फार रडलेल्या असतात. यास उपाय एकच: मैत्रिणींत, अनुभवी सहकारिणींत तें बोलावें, आणि बोलणें पुरेसें होत नाहीं, झोंप व अन्न तुटलें, असें दिसलें तर संकोच न करितां मनाच्या डॉक्टरांकडे जावें.

आपले चार गुण

येथवर परिचारिकेच्या कर्तव्यांचा विचार झाला. परंतु चरकांनीं चवथ्या पायास, म्हणजे रोग्यासही, सोडलेलें नाहीं. त्याचे गुण: स्मृति, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. म्हणजे झालेलें आठवणें, सांगितलेलें करणें, न भिणें आणि आपल्यास काय होतें तें नीट सांगणें. आमच्या वाचकांनीं आपल्या घरच्या आजारपणांत हे चार गुण किती पाळले, याचा जमाखर्च मांडावा. कोणतीं औषधें चालू आहेत, कशाचें वावडें आहे, हें कागदावर लिहून नेलें तर ती स्मृति झाली. एका रुग्णापाशीं एकच माणूस बसला आणि भेटीची वेळ पाळली, तर तें निर्देशकारित्व झालें. पथ्याच्या रुग्णास चोरून श्रीखंड भरविलें नाहीं, आणि भरविलेंच तर निदान विचारल्यावर लपविलें नाहीं, तर तें ज्ञापकत्व झालें. आणि घाबऱ्या मनानें कोणावर ओरडलों नाहीं, तर तें अभीरुत्व. आमच्यापुरतें बोलावयाचें तर त्या रात्रीं आम्ही या चवथ्या गुणांत नापास झालों.

आणि जिच्या घरांतच परिचारिका आहे, त्या घराचें काय? सून रात्रपाळी करून आल्यावर सकाळीं नऊ वाजतां निजली, तर तो आळस नव्हे. तिच्या खोलीस पडदा लावावा, कुकरची शिट्टी आणि दारची घंटा जपून वापरावी, पाहुण्यांस 'सूनबाई अजून उठल्या नाहींत' असें हंसून सांगूं नये. आळीतील सर्वांनीं येऊन तिच्याकडून फुकट इंजेक्शनें टोंचून घ्यावीं, हीही रीत मोडली पाहिजे. डॉक्टरांच्या लेखी आज्ञेवांचून औषध देणें तिच्या नोकरीस व लोकांच्या जिवास धोक्याचें आहे. 'नाहीं' म्हणण्याचें अवघड काम सासूबाईंनीं स्वतःकडे घेतलें, तर सुनेचें अर्धें ओझें उतरेल.

एक जुनें देणें

आमच्या समाजानें या धंद्यास फार काळ नाकें मुरडलीं. १८९१ सालीं मुंबईस बाई काशीबाई गणपत परिचारिकेच्या शिक्षणास आल्या. हिंदी परिचारिकांत त्यांचें नांव आरंभीं घेतात. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले पुण्यानजीक रोग्यांची शुश्रूषा करतां करतां स्वतः त्या रोगास बळी पडल्या. १९०९ सालीं पुण्यास रमाबाई रानडे यांनीं सेवासदन स्थापन केलें आणि विधवा व इतर तरुण स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचारिकेच्या शिक्षणास पाठविलें, तेव्हां त्या मुलींच्या वाट्यास उपहास आला. ही सारी हकीकत आम्हीं वर्गांत पुष्कळदां सांगितली आहे. आणि तरीही आमच्या हातून पुढील गोष्ट घडली.

वीस-बावीस वर्षांपूर्वीं, जून महिन्यांत, याच विद्यार्थिनीचे वडील नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन आमचा सल्ला विचारावयास आले होते. आम्हीं त्यांस सांगितलें, "मुलगी हुशार आहे, डी.एड्.ला घाला. लोकांचीं अंगं पुसण्याचं काम आपल्या मुलींचं नव्हे." ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं आमचें ऐकलें नाहीं, ही ईश्वरी कृपा. ही गोष्ट आम्ही साफ विसरलों होतों. दिवाळीच्या त्या दुपारीं निघतांना ती पायां पडली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तेव्हां काय म्हणालां होतां तें बाबांनीं मला सांगितलं होतं. पण नोकरीची ऑर्डर आली तेव्हां पेढे पहिल्यांदां तुमच्याकडेच आणले होते." आम्हांस पेढे आठवत होते, बोलणें आठवत नव्हतें.

म्हणून यापुढें कोणाचे वडील अर्ज घेऊन आमच्या ओटीवर आले, तर काय सांगावयाचें तें आम्हीं ठरवून ठेविलें आहे. शाळेस परिचर्या परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं, तें आधीं पाहा. शिकण्यास जोडलेलें रुग्णालय खरोखर चालतें कीं नुसतें कागदावर आहे, तें स्वतः जाऊन पाहा. वसतिगृह पाहा. मग मुलीस विचारा, आणि ती हो म्हणाली तर आशीर्वाद देऊन पाठवा. आणि ज्यांच्या घरीं हा प्रश्न नाहीं, त्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, मध्यरात्रीं खाटेपाशीं येऊन कोणी नांव विचारिलें तर रागावूं नये. उठून बसावें आणि तें संपूर्ण सांगावें: स्वतःचें, पित्याचें वा पतीचें, आणि आडनांव.